थोरल्या पाणकावळ्याची तक्रार

मी एक जुना पाणकावळा आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून वाद नको. माझ्या नावात कावळा असला तरी कावळ्यांशी माझं काडीचंही नातं नाही. कावळे नदीकाठच्या पाहुण्यांच्या हातातले भाताचे गोळे पळवतात आणि वर तोंड करून ओरडतात. मी आयुष्यभर पाण्यात बुड्या मारून मासे धरले, आणि तेसुद्धा दुसऱ्यांसाठी. तेव्हा माझ्याविषयी बोलताना जरा मान ठेवून बोला.

मिझुओची गावात, हिरासे नदीच्या काठी माझं घर आहे. इशिदो तामेयोशी हे माझे मालक. त्यांच्या आजोबांच्या आजोबांपासून त्या घरात एकच काम चालत आलं आहे. उन्हाळ्यात तिन्हीसांजा झाल्या की नावेच्या टोकाला लोखंडी परडीत लाकडं पेटवायची, कंबरेला गवताचा घेर बांधायचा आणि आम्हां बाराजणांना दोऱ्या लावून पाण्यात सोडायचं. उजेडाने आयु नावाचे नदीतले मासे बिथरतात आणि आमच्या चोचीत सापडतात. आमच्या गळ्याला एक बारीक दोरी बांधलेली असते. लहान मासा तिच्यातून पोटात उतरतो. मोठा अडकतो, तो मालक काढून घेतात. बघणाऱ्यांना हे फार दुष्टपणाचं वाटतं. "अगं बाई, बिचारे!" असं म्हणून ते हळहळतात, आणि तोच मासा मीठ लावून काडीवर भाजून आला की शेपटीसकट खातात.

माझा जन्म मात्र इथला नाही. मी समुद्रावरचा. एका हिवाळ्यात उडून उडून पंख भरून आले, म्हणून मी एका कड्यावर उतरलो. तिथे चार-पाच पाणकावळे आधीच आरामात बसले होते. इतके जण बसलेत म्हणजे जागा चांगलीच असणार, असं मला वाटलं. ते पाळलेले होते आणि मला भुलवण्यासाठीच बसवलेले होते. गर्दी बघून जागा निवडणाऱ्यांची मला तेव्हापासून कीव येते. पुढे पर्यटक पाहिले तेव्हा ती कीव वाढली.

मला टोपलीत घालून मिझुओचीला आणलं. त्याच टोपलीत आणखी एकजण होता. नवे पक्षी दोन-दोन करून एका टोपलीत ठेवायचे, अशी इथली जुनी रीत आहे. आधी आम्ही एकमेकांचे डोळे फोडायचे तेवढे बाकी ठेवले. मग हळूहळू असं झालं की तो शेजारी नसला की मला अन्न गोड लागेना. अशी जोडी एकदा जमली की ती मरेपर्यंत मोडत नाही. आम्ही दोघे नर, की दोघी माद्या, की एक हा आणि एक ती, हे कोणालाच माहीत नाही. पाणकावळ्यांत ते वरून ओळखू येत नाही, आणि आम्हीही कधी एकमेकांकडे चौकशी केली नाही.

टोपलीचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी त्याच्या आधी एक पाऊल बाहेर टाकलं. तेवढ्यावरून मी थोरला ठरलो आणि तो धाकटा. वयाने मोठे पक्षी गेले, तसा मी पुढे सरकत सरकत पहिल्या क्रमांकाला पोचलो आणि तो दुसऱ्या. आमच्यात क्रमांक म्हणजे चेष्टा नव्हे. पहिल्याने नावेच्या टोकावर बसायचं, सगळ्यांत शेवटी पाण्यात उतरायचं, सगळ्यांत आधी बाहेर यायचं आणि सगळ्यांत आधी खायचं. यात कोणी गडबड केली तर आम्ही सगळी नाव डोक्यावर घेतो. मालकांच्या पत्नी फुसाएबाई म्हणूनच मला 'मामंजी' म्हणतात. त्यांचे दिवंगत सासरे माझ्यासारखेच होते म्हणे, पहिला वाडगा त्यांच्यापुढे आला नाही की दिवसभर फुगून बसायचे. माझ्या सोबत्याला त्या 'सासूबाई' म्हणतात. "मामंजी आणि सासूबाई भांडून झाले का? मग मासे आणते," असं रोज सकाळी आमच्या खुराड्याशी उभं राहून विचारतात. मला हे आवडत नाही. पण मासे त्यांच्या हातात असतात.

ती वर्षं चांगली होती, हे मी नाइलाजाने कबूल करतो. गावात आधी एकच खाणावळ होती. मग उतरायला हॉटेलं झाली, गरम पाण्याचे हौद झाले, माशाच्या आकाराची मिठाई विकणारी दोन दुकानं झाली आणि दोघांतलं अस्सल कोणतं यावरून भांडणं झाली. आमचा खेळ बघायला छपराच्या मोठ्या नावा नदीत एका रांगेत उभ्या राहायच्या. त्या नावा बांबूने ढकलणारा शिनसाकु पाहुण्यांना इतक्या थापा मारायचा, की आमच्यातला एक पाणकावळा राजधानीत नोकरीला होता, असंही लोक ऐकून घ्यायचे. दूर देशांहून माणसं आली. कोणी माझ्या डोळ्यांत दिवा मारून फोटो काढले. कोणी विचारलं, हा खराखुरा आहे का? मी त्याच्या बुटावर उत्तर दिलं. टाळ्या तर इतक्या व्हायच्या की माझे कान किटले.

मित्रांनो, हे सगळं बंद पडावं असं मी अनेकदा म्हटलं होतं. पण असं नव्हे.

त्या वसंतात साथीचा आजार आला. आमचा हंगाम सुरू व्हायला थोडे दिवस उरले होते. मालक नव्या दोऱ्या वळत होते. तेव्हा गावच्या पर्यटन मंडळाचे चिटणीस कुवाबारा तोंडाला मुखपट्टी लावून आमच्या अंगणात आले. हा माणूस वाईट नाही. पण तो फोनवर बोलतानाही फोनला वाकून नमस्कार करतो. त्या दिवशी तो फाटकापासूनच वाकायला लागला, तेव्हा मी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे.

"अत्यंत दिलगीर आहोत," तो म्हणाला. "या वर्षी नावा काढता येणार नाहीत."

"बरं," मालक म्हणाले. माझे मालक नदीत 'हो, हो, हो' अशी हाळी देतात तेव्हा ती पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येते. पण जमिनीवर त्यांच्या तोंडून 'बरं' याच्यापुढे शब्द निघत नाही.

"बरं काय बरं?" फुसाएबाई म्हणाल्या. "कुवाबारासाहेब, हे बाराजण रोज खातात. यांना काय तुमची दिलगिरी तळून घालू?"

कुवाबारा पुन्हा वाकला. 

मला वाटलं, पाहुणे नाहीत तर नाहीत. नदी आहे, मासे आहेत, आम्ही आहोत. मुकाट्याने मासेमारी करू. पूर्वी लोक यासाठीच तर पाणकावळे पाळत होते! पण नाही. आम्ही धरलेले मासे घेणारी हॉटेलं बंद होती. नावेवरच्या हाताखालच्या माणसांचा पगार तिकिटांतून निघायचा, आणि तिकिटं नव्हती. शिवाय नदीत आग पेटलेली दिसली तर माणसं काठावर गोळा होतील, अशी शेजाऱ्यांना भीती होती. म्हणून नदी माशांनी भरून वाहत होती आणि आम्ही खुराड्यात बसून बर्फातला मासा खात होतो. तो मासा दुकानातून विकत आणावा लागत होता. आधी माणसांनी आमचं पोट तमाशावर टांगलं आणि मग तमाशाच बंद केला. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

गाव बसलं. हॉटेलांच्या खिडक्या अंधारल्या. मिठाईची दोन्ही दुकानं एकाच आठवड्यात बंद झाली, तेव्हा अस्सल कोण हा वाद मिटला. छपराच्या नावा उन्हात पालथ्या पडून तडकायला लागल्या. शिनसाकु मोठ्या शहराच्या वाटेवर घरपोच सामान पोचवणारी गाडी चालवायला लागला. तो येता-जाता आमच्या फाटकाशी थांबायचा. "वहिनी, काय सांगू," तो फुसाएबाईंना म्हणायचा, "नावेत माणसं माझं ऐकत होती. आता मी दार वाजवतो तर ती आतूनच ओरडतात, ठेवून जा!"

सरकारचं तर काही विचारू नका. पानं लाल व्हायला लागली तेव्हा वरून फर्मान आलं की लोकांनी फिरायला जावं, निम्मा खर्च आम्ही देऊ. कुवाबाराने नदीच्या पुलावर 'या, या, मिझुओचीला या!' असा मोठा कागद चिकटवला. थंडी वाढली, आजार वाढला, तेव्हा त्याच कागदावर त्याने 'कृपया घरीच राहा' असा दुसरा कागद चिकटवला. मग पाऊस आला आणि वरचा कागद अर्धा निघाला. पुलावरून जाणाऱ्याला कळेना की यायचं आहे का जायचं आहे.

पण माझी खरी तक्रार याबद्दल नाही. खरी तक्रार त्या शरद ऋतूतल्या एका सकाळची आहे.

बर्फातले मासे परवडेनात. तेव्हा कुवाबाराने किनाऱ्यावरच्या सरकारी मत्स्यालयाला फोन केला. तिथे सील नावाच्या समुद्री प्राण्यांसाठी रोज ढिगाने मासे येतात. आमच्यापैकी काही पक्षी हे दिवस सरेपर्यंत सांभाळाल का, असं त्याने विचारलं. ते लगेच हो म्हणाले. कुवाबारा आनंदाने अंगणात आला आणि म्हणाला, "जमलं! ते पाच पक्षी नेणार आहेत!"

मालकांच्या हातातली दोरी थांबली. "पाच?"

"पाच."

"आमच्यात पाच नसतात," मालक म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषण होतं. "चार असतात, नाहीतर सहा. जोड्या आहेत."

कुवाबाराचा चेहरा पडला. "असं होय. मला वाटलं सहा म्हटलं तर जरा जास्त होईल. हावरटपणा दिसेल. म्हणून मी आपणहून एक कमी केला."

ऐकलंत? मत्स्यालयाने पाच म्हटलंच नव्हतं! या माणसाने सभ्यपणाच्या पोटी स्वतःच माझ्या जातीतला एक कापला होता!

"मग आता सहा म्हणून सांगा," फुसाएबाई म्हणाल्या. "फोन आहे ना खिशात?"

"आता कसं सांगायचं?" कुवाबारा घाबरून म्हणाला. "त्यांनी एवढे उपकार केले. पाचांची सोय करूनही ठेवली असेल. आता आणखी एक म्हणजे बोट दिलं तर हात धरला, असं होईल."

"मग चार म्हणा."

"चार? आम्ही दिलेली जागा यांना नको झाली, असं त्यांना वाटेल!"

दोघांनी मालकांकडे पाहिलं. मालक थांबलेली दोरी पुन्हा वळायला लागले. मग म्हणाले, "राहू दे. त्यांना आणखी त्रास नको."

"अहो!" फुसाएबाई कडाडल्या. "दोरी पाणकावळ्यांच्या गळ्याला आहे, की तुमच्या?"

दोन जोड्या निवडल्या गेल्या. मग पाचवा कोण, हा प्रश्न आला. मला नेता येत नव्हतं. पहिला नावेत नसला तर बाकीचे पक्षी एका जागी ठरत नाहीत, आणि नावा पुन्हा कधीतरी निघतील अशी आशा मालकांनी सोडली नव्हती. मी कळ काढीन, अशीही त्यांची समजूत होती. ते माझ्यापाशी आले, रोज सकाळी करतात तसा माझ्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू थोरला आहेस. समजून घे."

मित्रांनो, थोरल्यांना हे वाक्य सगळीकडे ऐकवतात. ज्यांना धाकटी भावंडं आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको. पण मी थोरला होतो तो काय, टोपलीतून एक पाऊल आधी टाकलं म्हणून! ते पाऊल त्याने टाकलं असतं तर मी गेलो असतो आणि तो राहिला असता. माझ्या क्रमांकाचा मला केवढा तोरा होता. त्याच क्रमांकाने माझा सोबती नेला.

शिनसाकु आपली सामानाची गाडी घेऊन आला. सोबत्याला त्याने एकट्याच्या टोपलीत घातलं. गाडीचं दार लागेपर्यंत तो माझ्याकडे मान वळवून बघत होता. मी ओरडलो. सगळ्यांना वाटलं मी नेहमीसारखा चिडलो आहे.

त्या हिवाळ्यात मी टोपलीच्या एकाच बाजूला बसलो. दुसरी बाजू त्याची होती. माझ्यापुढे पहिला मासा यायचा आणि तो तसाच पडून राहायचा. "मामंजी, जेवा हो," फुसाएबाई म्हणायच्या. त्यांच्या आवाजात चेष्टा उरली नव्हती. त्या माशाचे तुकडे करून माझ्या चोचीत कोंबायच्या, आणि मग घरात जाऊन मालकांशी भांडायच्या. मालक 'बरं' म्हणायचे. तिकडचे पक्षी कसे आहेत हे विचारायला कोणी फोन केला नाही. विचारलं तर तगादा लावल्यासारखं दिसेल, असं कुवाबाराचं मत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात थोड्या नावा काढायला परवानगी मिळाली. मिळाली म्हणजे काय, नियमांच्या ओझ्याखाली दाबून मिळाली. पाहुणे फक्त आपल्याच जिल्ह्यातले. नावेत निम्मीच माणसं, मधे प्लास्टिकचे पडदे, खाणंपिणं बंद, बोलणं हळू. आणि मुख्य म्हणजे, कोणीही मोठ्याने ओरडायचं नाही.

"कोणीही म्हणजे हेसुद्धा?" फुसाएबाईंनी मालकांकडे बोट दाखवून विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा," कुवाबारा म्हणाला. "हाळीऐवजी नावेच्या काठावर काठी आपटली तर चालेल. तोंडाला पट्टी मात्र हवी."

आमच्या मालकांची हाळी म्हणजे आमच्या पाठीवरचा हात. पाण्याखाली अंधारात ती ऐकू येते, तेव्हा कळतं की वर कोणीतरी आपली दोरी धरून आहे. तीच बंद. पण मालक काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल.

पहिल्या संध्याकाळी सगळं गाव काठावर आलं होतं, लांब लांब उभं राहून. कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण या हंगामावर सगळ्यांची चूल होती. नावा चालल्या तर दोन हॉटेलं उघडणार होती. शिनसाकुने गाडीला सुट्टी देऊन पुन्हा बांबू हातात घेतला होता. छपराच्या एकाच नावेत पाहुणे बसले होते, आणि कुवाबारा तिच्या तोंडाशी ताप मोजायचं यंत्र घेऊन उभा होता. मालकांनी आग पेटवली. धूर मुखपट्टीत शिरला आणि ते खोकायला लागले. सगळे पाहुणे एकदम मागे सरकले.

आम्ही उरलेले सातजण नावेत होतो. मी टोकावर बसलो. माझ्या मागची दुसऱ्याची जागा रिकामी होती. तिसऱ्याने ती बळकवायला बघितलं, तेव्हा मी त्याला चोच मारली. त्याने चौथ्याला मारली. चौथ्याने कोणाला मारली ते मी पाहिलं नाही, पण दोऱ्यांचा असा गुंता झाला की मालकांची बोटं त्यातच अडकली. पाण्यात उतरलेले दोघे काठीची टकटक ऐकून बावरले आणि नावेखाली जाऊन लपले. माझी पाळी शेवटची. मालकांनी माझी दोरी सैल केली. मी पाण्याकडे पाहिलं, मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि पाहुण्यांकडे पाठ करून बसलो.

एकही मासा मिळाला नाही. आग विझत आली. आणि मग, मित्रांनो, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या!

"वा! फार सुंदर!" एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पक्षी किती शांत आहेत!"

"दमलेले दिसतात," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "पण छान झालं हं. खूपच छान."

मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या. त्या टाळ्यांइतका अपमान माझा कधी झाला नव्हता. मी मालकांकडे बघितलं. त्यांनी गुंतलेल्या दोऱ्या खाली ठेवल्या. तोंडावरची पट्टी ओढून हनुवटीखाली घेतली. आणि ते ओरडले.

"कुवाबारा! फोन लावा!"

हाक डोंगरावर आपटून परत आली. काठावरची कुत्री भुंकायला लागली. कुवाबाराच्या हातातलं यंत्र पाण्यात पडलं.

"आत्ता? इथून?"

"आत्ता! इथून! मला ऐकू येईल असा लावा!"

कुवाबाराने फोन लावला आणि त्याला वाकून नमस्कार केला. "माफ करा, ऐन जेवणाच्या वेळी त्रास देतोय. खरं म्हणजे तसं काही महत्त्वाचं नाही—"

"महत्त्वाचं आहे!" मालक गरजले.

"कोण ओरडतंय?" फोनमधून मत्स्यालयाच्या संचालकांचा आवाज आला.

"मी, मिझुओचीचा तामेयोशी! तुमच्याकडे माझा एक पक्षी एकटा आहे. त्याला परत द्या. नाहीतर हा पहिला घेऊन जा. माझी नाव बंद पडली तरी चालेल. पण दोघांना एका जागी ठेवा!"

पहिला पक्षी देणं म्हणजे काय, हे त्या काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हॉटेलवाल्यांच्या माना खाली गेल्या. मीसुद्धा पाठ वळवून मालकांकडे बघत राहिलो.

"पण तामेयोशीसाहेब," संचालक चाचरत म्हणाले, "आम्ही तर पक्ष्यांना बसायला सहा बैठका करून ठेवल्या होत्या. पाणकावळे जोडीने राहतात हे आम्हालाही माहीत आहे. पाचच आले तेव्हा वाटलं, तुमची काहीतरी अडचण असेल. विचारणं बरं दिसलं नाही. सहावी बैठक अजून रिकामीच आहे. तो तिच्या शेजारी बसतो. दुसऱ्या कोणाला तिथे बसू देत नाही. खातही नाही नीट. आम्ही फोन करणारच होतो, पण तुम्ही आधीच संकटात, आणखी ओझं कशाला, म्हणून राहिलो."

काठावरून फुसाएबाईंचा आवाज आला. "एक फोन! मेल्यांनो, एक फोन!"

या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिनसाकु त्याला घेऊन आला. टोपलीवर सवयीने त्याने 'नाजूक माल' अशी चिठ्ठी लावली होती. "कोण, सासूबाई? आणि नाजूक?" फुसाएबाई म्हणाल्या, आणि पदर नसल्यामुळे त्यांनी बाहीनेच डोळे पुसले. तो फार वाळला होता. पिसांवरचा काळा तजेला गेला होता. मालकांनी त्याला माझ्या टोपलीत, त्याच्या बाजूला ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मानेवर जोरात चोच मारली. कुठे होतास इतके दिवस, हे विचारायला पाणकावळ्याला एवढंच येतं. मीही त्याला मारली. मग आम्ही दोघे जेवलो. पहिला मासा माझ्यापुढे आला होता, तो मी त्याच्याकडे सरकू दिला. ही गोष्ट बाकीच्यांना सांगू नका.

त्यानंतर आम्ही मासे धरले. मालकांनी मुखपट्टीतून हाळी दिली, आणि ती चांगली मोठी होती. कुवाबाराने नदीच्या दुसऱ्या टोकाला बघितल्यासारखं केलं. पण उन्हाळा सरायच्या आत आजार पुन्हा वाढला, नावा पुन्हा बंद झाल्या आणि पुलावर आणखी एक कागद चिकटला. त्या दोन हॉटेलांतलं एकच पुन्हा उघडलं. दुसऱ्याच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. मत्स्यालयात गेलेल्या दोन्ही जोड्या तिथेच रमल्या, आणि त्यांना परत आणून पोसण्याची ताकद मालकांत उरली नाही. आता पाहुणे पुन्हा यायला लागले आहेत. त्यातला एकजण परवाच विचारत होता, हा खराखुरा आहे का?

मित्रांनो, तुम्ही फिरायला जाता तेव्हा ज्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवता, ती माणसं आणि ते पक्षी तुम्ही घरी गेल्यावरही तिथेच असतात आणि रोज जेवतात, एवढं लक्षात ठेवा. वाईट दिवस आले आणि कोणाला कुठे धाडायची वेळ आली, तर तो कोणाबरोबर राहतो हे आधी विचारा. तडकलेली नाव पुन्हा सांधता येते. पण आम्हां दोघांची मोजकी वर्षं उरली होती, त्यातला एक अख्खा हिवाळा गेला, तो कोणी सांधून देत नाही. आणि तोही आजाराने नेला नाही. तुमच्या भिडेने नेला.

माझ्या गळ्याला दोरी बांधलेली असते, म्हणून मोठा मासा माझ्या गळ्यात अडकतो. तुमच्या गळ्याला तर कोणी काहीच बांधलेलं नाही. मग एवढासा 'सहा' तिथे का अडकतो?